उपाशी पोटी, अंगावर सोनं न ठेवता

भोरच्या बाजारात भाजी घ्यायला गेले की अजूनही कुणीतरी हाक मारतं, "ओ डोक्याचा फोटोवाल्या ताई!" नोकरी सुटली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. एकदा कोथिंबिरीच्या ढिगामागून एका बाईने विचारलं होतं, लेकीचं लग्न जमवायचंय, तिचा एक चांगला फोटो काढून द्याल का, जरा उजळ दिसली पाहिजे. मी म्हटलं, माझ्या फोटोत सगळे कवटीसकट दिसतात. तिने जुडी माझ्या पिशवीत टाकली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

मी सीटी स्कॅनची टेक्निशियन. भोरमधल्या एका खासगी सेंटरमध्ये नोकरी केली. यंत्र आमच्याकडे, चित्रं वाचणारे डॉक्टर पुण्यात, आणि सेंटरवर हजर असलेले एक डॉक्टर. पेशंटला तयार करायचं, झोपवायचं, सुई लावायची आणि चित्र काढायचं हे माझं काम. त्यातलं सर्वांत नाजूक काम म्हणजे मेंदूची अँजिओग्राफी. लोकांना वाटतं अँजिओग्राफी फक्त हृदयाची असते. मेंदूलाही रक्त नेणाऱ्या शिरा आहेत, त्याही तुंबतात, त्याही फुगतात.

साध्या सीटीत मेंदू दिसतो, हाड दिसतं, पण या शिरा नीट दिसत नाहीत. म्हणून हाताच्या शिरेतून एक औषध जोरात सोडायचं. भातखाचरात पाट सोडला की पाणी कुठून कुठं चाललंय ते उन्हात चमकून दिसतं, तसं ते औषध शिरांमधून जाताना चित्रात पांढरं चमकतं. ते डोक्यात पोचल्या क्षणीच चित्र घ्यायचं. जरा उशीर झाला की परतीच्या शिराही भरतात आणि सगळा गुंता होऊन बसतो. औषध आत जाताना अंग एकदम गरम होतं, तोंडाला लोखंडाची चव येते आणि आपल्याला लघवी झाली की काय असं वाटतं. हे बायकांना आधी कानात सांगावं लागतं, नाहीतर त्या शरमेने हलतात आणि चित्र वाया जातं.

पण खरं काम त्याआधीचं. तयारीचं. उपाशी पोटी या, मूत्रपिंडाची रक्ततपासणी करून आणा, साखरेची गोळी कुठली चालू आहे ते सांगा, पूर्वी कुठल्या औषधाने अंगावर गांधी उठल्या होत्या का ते सांगा, आणि मानेच्या वरचं सगळं सोनं-नाणं, लोखंड, पितळ काढून ठेवा. हे मी इतक्या वेळा बोलले आहे की झोपेतही बडबडायची, असं माझी बहीण सांगते. बोलून काय होतं? "उपाशी आलात ना?" विचारलं की म्हातारी छातीवर हात ठेवून म्हणणार, "व्हय तर! सकाळधरनं पाण्याचा थेंब न्हाई." आणि मागून नातू म्हणणार, "आज्जे, नसरापूरच्या फाट्याव च्या अन् खारी खाल्ली की." त्यावर म्हातारी उलट त्याच्यावरच ओरडणार, "च्या म्हंजी काय खाणं आसतंय व्हय रं?"

सारोळ्याचे एक गृहस्थ तर दातांची कवळी काढायला तयार होईनात. हो-हो म्हणत, पण तोंड घट्ट मिटून बसलेले. शेवटी माझ्या लक्षात आलं, सोबत त्यांचे व्याही आले होते. ज्या व्याह्यासमोर लग्नात ऊस सोलून खाल्ला, त्याच्यासमोर कवळी हातात कशी घ्यायची? मी व्याह्यांना चहा प्यायला बाहेर पाठवलं. कवळी लगेच वाटीत आली. अशा युक्त्या कुठल्या कोर्सात शिकवत नाहीत.

इथपर्यंत हसायचं. पुढचं सांगताना माझ्याच्याने हसवत नाही.

वनिता पालीची. राजगडाच्या पायथ्याला घर, थोडी भाताची जमीन. नवरा दत्तू पुण्यात टेम्पो चालवायचा. शनिवार-रविवारी गडावर येणाऱ्या पोरांना वनिता घरीच पिठलं-भाकरी करून घालायची. अशाच एका रविवारी भाकऱ्या थापता थापता तिच्या डोक्यात घण बसला. तिचेच शब्द सांगते. "ताई, टाळकं फुटलं आसंच वाटलं बगा. परातीतच डोकं टेकलं." ओकारी झाली, मान आखडली, दोन दिवस अंधारात पडून राहिली. मग हळूहळू बरं वाटायला लागलं.

आमच्या कामात असल्या दुखण्याला फार घाबरतात. सायकलच्या ट्यूबला कमजोर जागी फुगा येतो, तसा मेंदूच्या शिरेला येतो. तो फुटायच्या आधी कधीकधी थोडासा पाझरतो, एकदाच, आणि थांबतो. डोकं भयंकर दुखतं आणि मग बरं वाटतं. ते बरं वाटणंच घात करतं. पाझरलेलं रक्त हळूहळू विरून जातं, मग साध्या सीटीतही सापडत नाही. फुगा मात्र तिथंच असतो.

पण पालीत ती अर्धशिशी ठरली. आमच्या भागात एका बाजूने डोकं धरलं की ती अर्धशिशी, आणि अर्धशिशी उतरवून घ्यायची असते. वेल्ह्याच्या अंगाला एका वाडीत आप्पा म्हणून एक म्हातारे शेतकरी ती उतरवायचे. रविवारी दिवस उगवायच्या आत जायचं, जाताना वाटेत कुणाशी बोलायचं नाही, असे तीन रविवार करायचे. बदल्यात ते काही घेत नसत, पाणीसुद्धा नाही. पहिल्या रविवारी ते डोक्याभोवती काळा दोरा बांधत. त्यात एक लोखंडी खिळा आणि एक भोकाचा पैसा ओवलेला, तो बरोबर दुखऱ्या कानशिलावर आणून बसवत. तिसऱ्या रविवारी मंत्र म्हणून तो दोरा त्यांनीच सोडायचा.

वनिताचे दोन रविवार झाले होते आणि डोकं खरंच उतरलं होतं. कुठल्याही शहाण्या माणसाचा विश्वास बसावा असंच ते घडलं होतं, म्हणून मी त्या घराला खुळं म्हणणार नाही. फक्त तिची डावी पापणी खाली यायला लागली होती. चुलीच्या धुराने झालं असेल, असं सासू म्हणायची. डोळा दाखवायला म्हणून ते गुरुवारी भोरला आले. डॉक्टरांनी पापणी पाहिली, सगळी हकिकत विचारली आणि तिथूनच सरळ आमच्याकडे पाठवलं. मला फोनवर म्हणाले, "ताई, आजच्या आज करा. फुगाच पापणीची नस दाबत असणार."

सोबत दत्तू आणि सासू हौसाबाई. हौसाबाई भली बाई होती, हे आधीच सांगून ठेवते, कारण गोष्टीतली सासू म्हटलं की लोक दात-ओठ खायला तयारच असतात. सुनेच्या डोक्याला ऊन लागू नये म्हणून तिने स्वतःच्या पदराची सावली धरत तिला स्टँडपासून चालवत आणलं होतं. रक्ततपासणी ठीक होती. पोट रिकामं होतं. मंगळसूत्र, कानातली फुलं, नाकातली चमकी, केसांतल्या पिना, सगळं हौसाबाईने रुमालात बांधून कनवटीला लावलं. मी वनिताच्या हाताला सुई लावली. मग डोक्यावरचा पदर काढला आणि दोरा दिसला.

"हा काढावा लागेल," मी म्हटलं. "लोखंडाच्या पांढऱ्या रेघा चित्रभर पसरतात. बघायचं असतं तेच झाकलं जातं."

"त्यो तेवढा ऱ्हाऊ द्या, ताई," हौसाबाई म्हणाली. "सोनं काय, आजून पायजे आसंल तर पायातली जोडवीबी काढते तिची. पर त्यो दोन ऐतवारांचा हाय. येकच ऐतवार ऱ्हायलाय."

"मावशी, यात जिवाला धोका आहे."

"तुमच्यात न्हाई मानत, म्हाईत हाय मला. आमच्यात मानत्यात."

ती टोचून बोलली नव्हती. माझ्या वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर घरातले अंगारे-धुपारे बंद केले, ते सगळ्या पंचक्रोशीला माहीत आहे. पण तेवढ्या एका वाक्याने माझी बोलायची वाट बंद झाली. आता मी काहीही म्हटलं तरी ते 'त्यांच्यातल्या' बाईचं बोलणं होणार होतं.

मी वनिताला कपडे बदलायच्या खोलीत नेलं, दार लावलं आणि तिला सगळं सरळ सांगितलं. फुगा काय, तो फुटला तर काय होतं, काहीसुद्धा लपवलं नाही. तिने नीट ऐकून घेतलं.

"समजतंया मला, ताई. पर दोरा मधीच सुटला तर ते लेकराव जातं म्हंत्यात. माझी धाकटी आजून अंगणवाडीत हाय." मग म्हणाली, "म्या सोसलंय ते दुखणं. तिला न्हाई सोसायचं."

तिची श्रद्धा आंधळी आहे, असं कुणीही भाषणात सांगेल. पण तिने तराजूच्या एका पारड्यात स्वतःला ठेवलं होतं आणि दुसऱ्यात पोरीला. दुसरं पारडं रिकामं आहे हे मला ठाऊक होतं. तिला ते कसं दाखवायचं हे मला ठाऊक नव्हतं.

आम्ही दोऱ्यासकट एक चित्र काढून पाहिलं, औषध न सोडता. खिळ्याच्या रेघा नेमक्या मेंदूच्या तळाशी, जिथं फुगा शोधायचा तिथंच. दोरा वर सरकवू म्हटलं तर वनिताने दोन्ही हातांनी डोकं धरलं. सेंटरच्या डॉक्टरांनी समजावलं. पाठवणाऱ्या डॉक्टरांनी फोनवरून दत्तूला आधी समजावलं, मग झापलं. तसंच पुण्याला न्या म्हटलं, तर तिथेही दोरा काढायला सांगणारच. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात, पण हा घडा पालथा नव्हता. तो भीतीने आधीच काठोकाठ भरला होता.

शेवटी मी दत्तूला म्हटलं, "मग त्या आप्पांनाच विचारा. फोन लावा."

"त्यांच्याकडं फोन न्हाई."

"मोटरसायकल घ्या, जाऊन या. मी थांबते."

दत्तू मान खाली घालून म्हणाला, "ऐतवाराबिगर त्यांच्या दारात जायचं नसतंय. अपशकून हाय त्यो." मग एकदम हात जोडून म्हणाला, "सोमवारी पयल्या गाडीनं आणतो, ताई. उपाशी आणतो. तुमी म्हणाल तसं."

सही घेतली, धोका लिहून दिला, सोमवारचा पहिला नंबर दिला. सज्ञान माणसाने नाही म्हटलं की यंत्राला कुलूप. सुई काढून मी तिच्या हातावर कापूस दाबून धरला होता, तेव्हा वनिताने विचारलं, "तवर भाकऱ्या थापू का? वाकलं की ठणकतंय जरा."

"अजिबात नाही. वाकायचं नाही, उचलायचं नाही, कुंथायचं नाही. पडून राहा. दुखलं की दोरा-बिरा न बघता निघून ये."

ती हसली. एका डोळ्याने हसल्यासारखं दिसलं. "गाडीभर पोरं यायचीत शनवारी. सांगावा आलाय कवाच."

शनिवारी दुपारी त्या पोरांच्याच गाडीतून ती आली. दोघांनी धरून उतरवली, मागून हौसाबाई उतरली. बिचाऱ्यांच्या बुटांना गडाची लाल माती होती आणि एकाच्या अंगावर तिची ओकारी. चुलीपुढेच कोसळली म्हणाले. शुद्ध नव्हती, श्वास घरघरत होता. मी कात्री घेतली. हौसाबाईने स्वतःच सुनेचा पदर बाजूला केला, दोन बोटांनी दोरा वर उचलून धरला आणि म्हणाली, "कापा, ताई. कापा लवकर."

कापायला किती वेळ लागतो? काळा सुती दोरा तो.

या वेळी औषध सोडायची गरजच पडली नाही. मेंदूच्या तळाशी जिथं काळं दिसायला हवं तिथं सगळं पांढरं दिसत होतं, सांडलेलं रक्त. मी आयुष्यात पुष्कळ वाईट चित्रं पाहिली, पण त्या दिवशी पडदा बंद करून टाकावासा वाटला. गुरुवारी याच टेबलावर हीच बाई धडधाकट बसली होती, माझ्याशी बोलत होती. डॉक्टरांनी पुण्याला पाठवली. कात्रजचा बोगदा यायच्या आत रुग्णवाहिकेतच गेली.

रुग्णवाहिका निघायच्या आधी हौसाबाई धावत माझ्याकडे आली होती. मुठीत तो कापलेला दोरा. "ताई, ह्यो कुठं टाकू? घरात पोरगी हाय."

मी, जिच्या घरात अंगाऱ्याचा कण चालत नाही, ती तिला काय सांगणार होते? मी हात पुढे केला. "द्या इकडं. माझ्या घरात लहान मूल नाही." तिने दोरा माझ्या हातावर ठेवला आणि माझ्या पायांना हात लावला. ती गेल्यावर मी तो वापरलेल्या सुयांच्या डब्यात टाकला आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. पुढचा पेशंट उपाशी आला नव्हता. मी त्याच्यावर इतकी ओरडले की डॉक्टर बाहेर आले.

त्यानंतर कामात माझं मन लागलं असं मी म्हणणार नाही. लोक म्हणतात, ताई, तुम्ही किती जणांचे जीव वाचवलेत! मी चित्रं काढली. ज्यांची काढली त्यांतले काही वाचले, त्याचं श्रेय सर्जनचं. मला दिसायची ती परत गेलेली माणसं. कुणी चहा पिऊन आलं म्हणून, कुणाची तपासणी राहिली म्हणून, कुणाला अमावास्या आडवी आली म्हणून. वेल्ह्याच्या खोऱ्यातून एक माणूस भोरला आणायचा म्हणजे कुणाचा तरी रोज बुडतो, कुणाची तरी गुरं उपाशी राहतात. परत गेलेलं माणूस पुन्हा येतं यावर माझा विश्वास उरला नाही. नियम बरोबर होते, हे मी आजही सांगेन. नियम बरोबर असतात आणि माणसं मरतात. याचा कुणाला जाब विचारायचा ते मला कळलेलं नाही, आणि आता कळेल असंही वाटत नाही.

नोकरीच्या शेवटच्या वर्षातली गोष्ट. एका सकाळी जीपमधून एक म्हातारे आले. सकाळी तोंड वाकडं झालं होतं, उजवा हात लुळा पडला होता. येईपर्यंत पुष्कळ सुधारलं होतं. तरी मुलाने वेळ न दवडता आणलं होतं. "आप्पांनीच सांगितलं, आदी दवाखाना गाठ," मुलगा म्हणाला. वेल्ह्याकडच्या त्याच वाडीचं नाव ऐकलं आणि मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. बुटकं, सडसडीत, स्वच्छ धोतरातलं म्हातारं माणूस. मनात या माणसाशी मी किती भांडले होते!

मी काही सांगायच्या आधीच त्यांनी कानातली बाळी काढली, गळ्यातला ताईत काढला, टोपीत ठेवला आणि टोपी मुलाकडे दिली. एका शब्दाने घासाघीस नाही.

"ताईत काढलात?" मी विचारलं. आवाज मला हवा होता त्यापेक्षा कडू निघाला.

"मशीनला चालत न्हाई ना? मंग. पुन्यांदा घालीन की."

"आणि तुम्ही बांधलेला दोरा मधेच काढला तर? लेकरावर जातं म्हणतात."

त्यांनी माझ्याकडे खरंच न समजून पाहिलं. "कोण म्हंतं? दोरा तुटला तर दुसरा बांधतो म्या. शेतात कामं करत्यात बाया, तुटायचाच."

"रविवारशिवाय तुमच्या दारात यायचं नसतं म्हणतात."

"माझ्या दारात? आवं, म्या रोज घरीच आसतो."

मी स्टुलावर बसले आणि त्यांचा हात सुईसाठी मांडीवर घेतला. शीर शोधत राहिले. आप्पाच पुढे बोलले.

"भोरला धाडली व्हती की म्या येक. पालीची. पापणी पडली व्हती तिची, डावी. म्या म्हणलं, बाई, ह्ये माझं काम न्हाई, ह्यो डोळा आदी डाक्टरला दाव. आली व्हती का तुमच्याकडं?"

"आली होती."

"मंग बेस झालं," आप्पा म्हणाले. चेहऱ्यावर समाधान पसरलं. "तिसऱ्या ऐतवारी आलीच न्हाई ती. तवाच म्हणलं म्या, बरी झाली आसंल पोर."

त्यांना टेबलावर झोपवायचं होतं, रक्तदाब वाढू द्यायचा नव्हता. मी म्हटलं, "आप्पा, हात सरळ ठेवा. आता अंग गरम होईल, घाबरू नका."